‘शुगर फ्री’ गोळी कुत्र्याच्या जिवावर. लक्षणं ओळखा, लगेच दवाखाना गाठा

शुगर असलेल्या माणसांसाठी घरात आणलेला गोड पदार्थ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. बिनसाखरेचं च्युइंगम, मिंटच्या गोळ्या, काही टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायची औषधं आणि काही पीनट बटरमध्ये ‘झायलिटॉल’ नावाचा गोडवा असतो. पाकिटावर तो ‘९६७’ या क्रमांकानेही लिहिलेला असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याला मात्र विषासारखा बाधतो.

नेमकं काय होतं?

झायलिटॉल पोटात जाताच कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन भराभर सुटतं आणि रक्तातली साखर एकदम खाली येते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही त्याला पुरतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. किलोमागे अर्धा ग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृत निकामी होण्याची भीती असते.

लक्षणं

सुरुवातीला उलटी. मग मलूल होणं, झोकांड्या खात चालणं, थरथर, झटके आणि शेवटी बेशुद्धी. बहुधा अर्ध्या-एक तासात त्रास सुरू होतो. च्युइंगम खाल्लं असेल तर बारा तासही लागू शकतात. यकृताला इजा झाल्यास एक ते तीन दिवसांत डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात.

घरी काय करावं?

लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला फोन करा. कुत्रा मलूल झाला असेल, पण शुद्धीवर असेल, तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि दवाखान्याकडे निघा. झटके येत असतील तर तोंडात हात घालू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने आणखी अपाय होतो. रिकामं पाकीट सोबत न्या. किती खाल्लं, केव्हा खाल्लं ते सांगा.

दवाखान्यात उपचार

यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. त्रास सुरू झालेला नसेल तर डॉक्टर उलटी करवतात. सलाईनमधून ग्लुकोज देतात, साखर वारंवार तपासतात. यकृतासाठी दोन-तीन दिवस रक्ततपासणी लागते. त्यामुळे कुत्रा तरतरीत दिसला म्हणून तपासणी अर्धवट सोडू नये. वेळेत उपचार मिळाले आणि यकृत शाबूत असेल, तर बहुतेक कुत्री बरी होतात.

खबरदारी सोपी आहे: अशा गोळ्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात किंवा पिशवीत न ठेवता बंद कपाटात ठेवा, आणि माणसाच्या टूथपेस्टने कुत्र्याचे दात घासू नका.