कलानुदान, वेल्समधील : दृश्यकला आणि वेल्श भाषा

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स या देशात विसाव्या शतकाच्या मध्यापासून चित्रकार, शिल्पकार, लेखक, नाट्यसंस्था व वेल्श भाषेतील सांस्कृतिक उपक्रम यांना सार्वजनिक निधीतून देण्यात येणारे अर्थसाहाय्य. या साहाय्याचा इतिहास हा केवळ रकमांचा वा संस्थांचा इतिहास नाही. स्वतःची प्राचीन भाषा असलेल्या, परंतु स्वतःचे शासन नसलेल्या समाजात कलेचा दर्जा कोणी ठरवावा, हा वाद त्यात आरंभापासून गुंतलेला आहे.

वेल्समध्ये राजदरबार सोळाव्या शतकापूर्वीच नष्ट झाला होता आणि मोठे सरदार लंडनकडे ओढले गेले होते. त्यामुळे चित्र-शिल्पांना मिळणारा दरबारी आश्रय तेथे फारसा उरला नव्हता. याउलट काव्य व संगीत यांची परंपरा ग्रामीण समाज, चर्चबाह्य प्रॉटेस्टंट पंथांची प्रार्थनामंदिरे आणि आयस्टेथवॉड नावाचे स्पर्धात्मक साहित्य-संगीत महोत्सव यांच्या आधारे टिकून राहिली. वेल्श माणूस शब्दाचा व सुराचा, चित्राचा नव्हे, असा समज यातून रूढ झाला आणि तो वेल्श विद्वानांनीही बराच काळ मान्य केला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चित्रकलेस आश्रय मिळाला तो मुख्यतः कोळशाच्या व्यापारातून आलेल्या खाजगी संपत्तीचा. लॅनडिनमच्या डेव्हिस घराण्यातील ग्वेन्डोलिन व मार्गारेट या भगिनींनी फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रांचा मोठा संग्रह केला. तो त्यांच्या निधनानंतर अनुक्रमे १९५१ व १९६३ मध्ये कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळाला. समकालीन कलाकृती विकत घेऊन त्या सार्वजनिक संग्रहांना देणारी ‘कन्टेम्पररी आर्ट सोसायटी फॉर वेल्स’ ही संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली.

शासकीय अनुदानाचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धकाळात झाला आणि त्यात एका वेल्श गृहस्थाचा वाटा मोठा होता. खाण-कामगारांच्या रिम्नी गावात वाढलेले टॉमस जोन्स (१८७०–१९५५) हे ब्रिटिश मंत्रिमंडळाचे माजी उपसचिव. पिल्ग्रिम ट्रस्ट या धर्मादाय न्यासाचे सूत्रचालक या नात्याने त्यांनी १९४० मध्ये संगीत व कला यांच्या प्रोत्साहनार्थ एक मंडळ उभारण्यास २५,००० पौंड मिळवून दिले. तेवढीच रक्कम कोषागाराने दिली. कलेसाठी शासनाने नियमितपणे खर्च करावा, हे तत्त्व ब्रिटनमध्ये अशा रीतीने जवळजवळ आडवाटेने प्रविष्ट झाले. १९४२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स हे या मंडळाचे अध्यक्ष झाले. युद्धसमाप्तीनंतर १९४६ मध्ये राजसनदेने त्याचे ‘आर्ट्‌स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन’मध्ये रूपांतर झाले. पैसा संसदेने द्यावा, परंतु तो कोणास द्यावा हे मंत्र्यांनी न ठरवता स्वतंत्र मंडळाने ठरवावे, असे या व्यवस्थेचे सूत्र होते. स्कॉटलंड व वेल्स यांच्यासाठी सल्लागार समित्यांची तरतूद सनदेत असली, तरी अंतिम अधिकार लंडनकडेच होता.

प्रारंभीच्या मंडळाचा भर चांगली कला अधिकाधिक लोकांपर्यंत नेण्यावर होता. पुढे ‘प्रसार’ मागे पडून ‘दर्जा’ पुढे आला. हा दर्जा भाषानिरपेक्ष, सार्वत्रिक मानला जाई. प्रत्यक्षात तो महानगरी अभिरुचीचा होता. साहित्याच्या बाबतीत याचा उपद्रव मर्यादित राहिला, कारण वेल्श भाषेतील कविता लंडनच्या परीक्षकास वाचताच येत नसल्याने तिचा निर्णय वेल्श जाणणाऱ्यांवर सोपविणे भाग होते. चित्राला असे कोणतेही कुंपण नव्हते. ते कोणीही पाहू शकतो, म्हणून कोणीही त्याचा निर्णय करू शकतो, असे गृहीत धरले गेले. वेल्समधील कलानुदानाच्या पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गृहीतात सापडते.

त्याच काळात भाषेची स्थिती झपाट्याने ढासळत होती. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सु. ४३.५ टक्के होते. १९६१ मध्ये ते २६ टक्के राहिले. लिव्हरपूल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात बांधलेल्या धरणाखाली कापेल केलिन हे वेल्शभाषी गाव १९६५ मध्ये बुडाले. सॉन्डर्स ल्यूइस यांनी १९६२ मध्ये भाषेच्या भवितव्यावर दिलेले आकाशवाणी-भाषण आणि त्याच वर्षी स्थापन झालेली वेल्श भाषा संस्था यांमुळे चळवळीस धार आली. १९६१ मध्ये वेल्श पुस्तक मंडळ स्थापन झाले, तर १९६७ च्या कायद्याने वेल्शला मर्यादित प्रमाणात विधिमान्यता मिळाली. १९६७ सालीच आर्ट्‌स कौन्सिलला नवी सनद मिळून वेल्ससाठीच्या समितीचे ‘वेल्श आर्ट्‌स कौन्सिल’ झाले आणि तिला आपल्या वाट्याच्या निधीचा विनियोग बऱ्याच मोकळेपणाने करता येऊ लागला.

या नव्या मंडळाचे साहित्य-संचालक म्हणून मीक स्टीव्हन्स (१९३८–२०१८) यांनी १९६७ पासून १९९० पर्यंत काम केले. लेखकांना शिष्यवृत्त्या, प्रकाशकांना साहाय्य आणि वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषांतील नियतकालिकांना नियमित अनुदान ही त्यांच्या कारकीर्दीची देणगी होय. यातील एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. अ‍ॅबरिस्टविथजवळ लॅनरस्टिड येथे रस्त्याकडेच्या पडक्या भिंतीवर ‘त्रवेरिन विसरू नका’ अशा अर्थाची वेल्श अक्षरे १९६० नंतरच्या दशकात रंगविणारे तरुण हेच होते. ती भिंत आज वेल्समधील सर्वांत परिचित दृश्यप्रतिमांपैकी एक मानली जाते. तीस कोणत्याही समितीचे अनुदान मिळालेले नव्हते.

दृश्यकलेच्या क्षेत्रातही मंडळाने पुष्कळ केले. फिरती प्रदर्शने, कलावंतांना वैयक्तिक अनुदाने आणि कार्डिफमध्ये १९७४ मध्ये सुरू केलेले ‘ओरिएल’ हे पुस्तक व कलादालन यांचा उल्लेख करता येईल. लॅनडडनो येथील मॉस्टिन कलादालन १९७९ मध्ये पुन्हा खुले झाले. गॅलरीतून चित्र विकत घेणाऱ्या सामान्य ग्राहकास बिनव्याजी कर्ज देणारी योजना १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली. अनुदान कलावंतास देण्याऐवजी त्याच्या ग्राहकास सवलत देण्याची ही युक्ती साधी. तथापि परीक्षक-समितीच्या आवडीनिवडीचा प्रश्न तिने टाळला, हे तिचे महत्त्व. मात्र नवे, प्रयोगशील व आंतरराष्ट्रीय ते श्रेष्ठ, ही धारणा कायम राहिली. कफिन विल्यम्स (१९१८–२००६) यांची वायव्य वेल्समधील डोंगरांची व शेतकऱ्यांची जाड रंगलेपातील चित्रे खाजगी खरेदीदारांत अतिशय लोकप्रिय झाली, पण त्यांची कला या धारणेत सहज बसणारी नव्हती.

वादाचे दुसरे क्षेत्र राष्ट्रीय आयस्टेथवॉड हे होते. या वार्षिक महोत्सवात १९५० पासून सर्व व्यवहार वेल्शमध्येच करण्याचा नियम लागू झाला. १९५९ च्या एका कायद्याने स्थानिक प्राधिकरणांना त्यास निधी देण्याची मुभा मिळाली. येथील काव्यस्पर्धेत भाग घेण्यास वेल्श येणे अपरिहार्य आहे; कलाविभागात मात्र वेल्समध्ये जन्मलेल्या वा तेथे राहणाऱ्या, वेल्श न येणाऱ्या कलावंतांनाही प्रवेश मिळतो. ललितकलेचे सुवर्णपदक प्रथम १९५१ मध्ये ब्रेंडा चेंबरलेन या इंग्रजीत लिहिणाऱ्या चित्रकर्त्री-कवयित्रीस मिळाले. इंग्रजीभाषक वेल्श माणसास वेल्श भाषेच्या अंगणात सन्मानाने उभे राहण्याची जागा चित्रकलेने दिली, ही गोष्ट अनुदानविषयक चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही. याच महोत्सवात, १९७७ साली रेक्सम येथे, पॉल डेव्हिस (१९४७–९३) यांनी ‘डब्ल्यू एन’ ही अक्षरे असलेला रेल्वेचा जड लाकडी स्लीपर डोक्यावर उचलून धरला. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अडकवीत असत त्या ‘वेल्श नॉट’ या फळीची ती आठवण होती. पॉल व त्यांचे बंधू पीटर यांच्या ‘बेका’ या कलावंतगटाने भाषा व राजकारण हाच चित्रविषय केला. शब्द आणि प्रतिमा यांचे दोन वेगळे खाते मानणाऱ्या व्यवस्थेस हा थेट छेद होता.

या छेदाला इतिहासाचा आधार पीटर लॉर्ड यांनी दिला. मूळचे इंग्लंडमधील, पुढे वेल्श शिकलेले हे शिल्पकार-अभ्यासक. वेल्सला दृश्यपरंपरा नाही हे मत वेल्समधील पुराव्यावरून बनलेले नसून इंग्रजी अकादमीच्या मोजपट्टीवरून बनलेले आहे, असे त्यांनी दाखविले. गावोगाव फिरून व्यक्तिचित्रे रंगविणारे कारागीर, थडग्यांवरील कोरीवकाम, कामगारसंघांचे ध्वज ही सर्व सामग्री त्यांनी पुढे आणली. वेल्समधील दृश्यसंस्कृतीवरील त्यांचे तीन खंड १९९८ ते २००३ या काळात वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाले. त्यांच्या विवेचनात चळवळीचा आवेश काही ठिकाणी जाणवतो, परंतु पुराव्याचे वजन नाकारता येत नाही.

१९९४ मध्ये आर्ट्‌स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटनचे विभाजन होऊन स्वतंत्र राजसनदेने ‘आर्ट्‌स कौन्सिल ऑफ वेल्स’ अस्तित्वात आले. वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषांच्या माध्यमातून कार्य करणे, हे तिच्या सनदेतील एक उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नाचा वाटाही तिला मिळू लागला. १९९९ नंतर तिचा मुख्य निधी वेल्सच्या निर्वाचित शासनाकडून येतो. सत्ता जवळ आल्याने हस्तक्षेपाचा मोहही जवळ आला : प्रमुख संस्थांना मंत्र्यांनी थेट निधी देण्याची योजना २००६ मध्ये विरोधामुळे बारगळली. वेल्श भाषेस अधिकृत दर्जा देणाऱ्या २०११ च्या विधीनंतर जी भाषामानके ठरली, त्यांनुसार अनुदान देणाऱ्या सार्वजनिक संस्थेस आपल्या निर्णयाचा वेल्श भाषेवर काय परिणाम होईल, याचाही विचार करावा लागतो. लेखन व नाट्य यांना हा निकष सहज लावता येतो. चित्राबाबत तो अवघड ठरतो. प्रदर्शनातील पाट्या व माहितीपुस्तिका द्विभाषिक केल्या की कर्तव्य संपले, असे मानणे सोयीचे असते. वेल्शमध्ये विचार करणाऱ्या कलावंतास काम देणे ही निराळी आणि अधिक खर्चाची गोष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय अंगाने कार्डिफ येथील ‘आर्टेस मुंडी’ हे द्वैवार्षिक प्रदर्शन व पारितोषिक महत्त्वाचे असून त्यास सार्वजनिक साहाय्य मिळते. २००८ मध्ये ते म्हैसूरचे एन. एस. हर्ष यांना मिळाले. २०२१ मध्ये ते सहा कलावंतांना एकत्रितपणे देण्यात आले आणि त्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा-पट्ट्यातून आलेले प्रभाकर पाचपुते हे एक होते. त्यांनी त्या प्रदर्शनासाठी दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या संग्रहातील साहित्य व ध्वज यांचा आधार घेऊन चित्रे केली. ज्या कोळशाच्या पैशावर वेल्समधील एक मोठा चित्रसंग्रह उभा राहिला, त्याच कोळशाच्या मजुरांचे ध्वज अशा रीतीने विदर्भातील कलावंताच्या हातून राष्ट्रीय संग्रहालयाच्या दालनांत आले.

२०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के आढळले, तर २०५० पर्यंत त्यांची संख्या दहा लाख करण्याचे उद्दिष्ट वेल्सच्या शासनाने २०१७ मध्येच जाहीर केले होते. २०२३ मध्ये आर्ट्‌स कौन्सिलने ८१ संस्थांना बहुवर्षीय अनुदान देऊ केले. इंग्रजी माध्यमातील ‘नॅशनल थिएटर वेल्स’ ही संस्था त्यातून वगळली गेली. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात मंडळाचा शासकीय निधी सु. १०.५ टक्क्यांनी घटला.