पाच शेरांनी घेणं, सात शेरांनी विकणं

नगरच्या दामूअण्णा कासारांची गोष्ट मला पहिल्यांदा आजीनं सांगितली. दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’त ती आहे, पण आजीला अक्षरओळख नव्हती. पारायणाला बसून ऐकलेलं ती घरी येऊन आपल्या पद्धतीनं सांगायची. दामूअण्णा साईबाबांचे जुने भक्त. शिर्डीच्या रामनवमीच्या मिरवणुकीतलं एक निशाण त्यांचं आणि दुसरं निमोणकरांचं. त्यांना मुंबईच्या एका मित्राचं पत्र आलं, की कापसाच्या सट्ट्यात भागी करू, दोन लाखांचा नफा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे दोन लाख! अण्णांनी शामांना, म्हणजे माधवराव देशपांड्यांना पत्र लिहून बाबांना विचारायला सांगितलं. बाबांचा निरोप आला की शेटचं डोकं फिरलंय, घरात काही कमी नाही, अर्ध्या भाकरीत समाधान मानावं, लाखाच्या मागे लागू नये.

अण्णांना ते पटलं नाही. ते स्वतः शिर्डीला आले. बाबांचे पाय चेपताना त्यांच्या मनात आलं, नफ्यातला काही भाग बाबांना दिला तर? बाबांनी तेही ओळखलं आणि आपण असल्या कशात नाही, असं सांगून टाकलं. अण्णांनी सट्टा सोडला, मित्रानं केला, आणि मित्र बुडाला. मग अण्णांनी धान्याचा विचार काढला. तांदूळ, गहू भरून ठेवावा, भाव चढला की विकावा. त्यावर बाबा म्हणाले की तू पाच शेरांनी घेशील आणि सात शेरांनी विकशील. म्हणजे रुपयाला पाच शेर घेतलेलं धान्य रुपयाला सात शेर देऊन टाकावं लागेल. महिना-दोन महिने भाव चढेच राहिले. अण्णांना वाटलं असेल, संधी गेली. मग सगळीकडे पाऊस झाला, भाव पडले आणि साठा केलेले सगळे अडकले.

आजी ही गोष्ट बाबांच्या अंतर्ज्ञानाची म्हणून सांगायची. माझी श्रद्धा तिच्यापेक्षा कमी नाही, पण या गोष्टीत माझं लक्ष नेहमी त्या महिना-दोन महिन्यांकडे जातं. भाव चढलेले असताना ज्यानं घेतलं नाही तो मूर्ख ठरतो. पाऊस पडल्यावर विकायला एकदम सगळेच निघतात आणि घेणारा कुणी उरत नाही. कापसातही हेच घडत आलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या समुद्रभरावाच्या शेअरांवर लोक तुटून पडले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि ते कागद कुणी हातात घेईना. म्हणून कुठलाही व्यवहार ऐकला की मी किती वाढेल हे विचारत नाही. आपल्याला गरज पडेल त्या दिवशी हे परत कोण घेईल, एवढंच विचारते.

माझा भाचा, भावाचा थोरला, सध्या अशाच विचारात आहे. शिर्डीतल्या एका हॉटेलात हिशेब बघतो. पोरानं पोटाला चिमटा घेऊन काही लाख साठवलेत. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. मित्र म्हणतात बिटकॉइन घे. वडील म्हणतात सावळीविहिरीच्या अंगाला एक गुंठा घे, जागा कुठं पळून जात नाही. आणि त्याच्या मनात आहे पुण्याला जायचं, एखादा चांगला कोर्स करायचा, वेगळं काम शोधायचं. “आत्या, तू सांग,” म्हणून तो येऊन बसतो. मी तज्ज्ञ नाही. मला ठाऊक आहेत त्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या पैशाच्याच आहेत.

जागेचं आधी सांगते, कारण शिर्डीत माणसं जागेवरच बोलतात. माझे वडील सांगायचे की त्यांच्या तरुणपणी आज लॉज उभे आहेत तिथं शेतं होती, पेरूच्या बागा होत्या. दर्शनाला आलेला माणूस ओळखीच्या घरी ओसरीवर झोपायचा. 1977 मध्ये ‘शिर्डी के साईबाबा’ आणि ‘अमर अकबर अँथनी’ हे दोन्ही सिनेमे आले आणि गर्दीची जातच बदलली, असं ते म्हणत. त्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात, ज्यांनी पोटासाठी रस्त्याकडेचं वावर विकलं त्यांची नावं घेताना वडिलांचा आवाज खाली यायचा. विकणाऱ्याला ते कधीच दोष देत नसत. घरात दाणा नसलेल्या माणसानं भाव वाढायची वाट कशी बघायची?

पुढे 2009 ला साईनगरचं रेल्वे स्टेशन झालं, 2017 च्या 1 ऑक्टोबरला काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. दर वेळी एजंटांच्या मोटरसायकली गावोगाव फिरल्या. माझ्या भावाला आठवतात ते हेच चढते भाव.

त्याला मी 2020 ची आठवण देते. 17 मार्चला समाधी मंदिर दर्शनाला बंद झालं ते 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. पुन्हा 2021 च्या 5 एप्रिलला बंद, ते थेट 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. भावानं कर्ज काढून घरावर भक्तांसाठी खोल्या बांधल्या होत्या. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना सहा महिने मुभा दिली, पण व्याज चालूच होतं. फुलवाला, रिक्षावाला, पेढ्याचं दुकान, प्रसादाच्या पिशव्या शिवणारी बाई, लॉजमालक, त्या लॉजात हिशेब लिहिणारा माझा भाचा, सगळ्यांची चूल एका दारावर पेटत होती आणि ते दार बंद होतं. तेव्हा गावात विकायला निघालेल्या जागा पुष्कळ होत्या, पण घेणारे सगळे गावातलेच, आणि त्यांच्याही खिशात काही नव्हतं. पोराची नोकरी शिर्डीत, बापाच्या खोल्या शिर्डीत आणि आता साठवलेला पैसाही शिर्डीतच घालायचा, ही गोष्ट मला खरी भीतीची वाटते. भाव चढेल की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

आणि एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. शेतजमिनीचा असा तुकडा वेगळा नोंदवायला 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. 2025 मध्ये सरकारनं रहिवासी भागासाठी त्यात सवलत द्यायचं ठरवलं, पण शेताचं शेत राहिलं असेल तर एजंट काय करतो? दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतो, किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे घेतो. उद्या विकायची वेळ आली की त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा. जमीन पळून जात नाही हे खरं, पण ती आपल्या हातात येतेच असंही नाही.

हे आमच्या भागाला कुणी नव्यानं शिकवायला नको. गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे झाले, भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं, आणि पाणी आलं तरी उसाला लागणारं भांडवल कोरडवाहू शेतकऱ्याकडे नव्हतं. खाजगी साखर कंपन्या आल्या, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी त्यांना वर्षानुवर्षांच्या कराराने खंडानं दिल्या. बसल्या जागी दर वर्षी खंड मिळतोय, जमीन आपलीच राहतेय, यात वाईट काय होतं? त्या काळी त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली असती. मग 1961 चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. कंपन्यांच्या ताब्यातल्या हजारो एकर जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 मध्ये त्या कसायला शेती महामंडळ निघालं. हरेगाव, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी हे मळे त्यातलेच. मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून मोर्चे काढत राहिले, कोर्टात गेले. जमिनी परत मिळायला 2012 साल उजाडलं.

माझ्या आजोळी शेजारी एक म्हातारे होते. त्यांच्या बापानं जमीन खंडानं दिलेली. कराराचा कागद पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून. आम्हा पोरांना ते बांधावर उभं करून हातानं दाखवायचे की त्या चिंचेपासून या ओढ्यापर्यंत आपलं. त्या जमिनीतला ऊस दुसरेच तोडून नेत होते. ते गेले तेव्हा जमीन परत आली नव्हती. नातवांना आली, पण त्यांतले दोघे तोवर चाकणला कंपनीत लागले होते. कागदोपत्री ती माणसं एकरांची मालक होती आणि हयातभर दुसऱ्याच्या शेतात रोजानं गेली. या एका गोष्टीवर मी भाच्यापुढे सगळ्यात जास्त बोलले, कारण त्याच्या पिढीला ती कुणी सांगतच नाही.

बिटकॉइनबद्दल मला जे कळलं ते त्यानंच समजावलं. 2009 मध्ये सुरू झालेलं हे नाणं, मागे सरकार नाही, बँक नाही. 2021 च्या नोव्हेंबरात एकाचा भाव 69 हजार डॉलरच्या घरात होता, वर्षभरात 16 हजारांवर आला, 2024 च्या डिसेंबरात लाखाच्या वर गेला. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या मार्चमध्ये रद्द केलं. 2022 पासून नफ्यावर सरळ 30 टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षात ओढता येत नाही. हे ऐकून मी त्याला म्हटलं, बाळा, हा तर असा भागीदार झाला जो फक्त नफ्याच्या दिवशी जेवायला येतो.

तो हसला, पण मग त्यानंच वझीरएक्सचं सांगितलं. मुंबईचं नावाजलेलं एक्स्चेंज, 2024 च्या जुलैमध्ये तिथून सुमारे 23 कोटी डॉलरचा ऐवज चोरीला गेला आणि ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ आपलं काही काढता आलं नाही. पडद्यावर आकडा दिसत होता, भावही चढत होता. मला त्या पेटीतल्या कागदाची आठवण झाली. त्याही आधी पुण्यात गेनबिटकॉइनचं प्रकरण गाजलं, 2018 मध्ये गुन्हे दाखल झाले. महिन्याला 10 टक्के, अठरा महिने, असा वायदा होता. दामूअण्णांच्या मुंबईच्या मित्रानं निदान खरा कापूस बघितलेला असेल.

बँकेचं काय, असं भावानं मध्येच विचारलं, आणि तेही बरोबर होतं. 1910 ची, शंभरी ओलांडलेली नगर अर्बन बँक. तिचा परवाना 2023 च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं रद्द केला. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. म्हणून एका बँकेत पाच लाखांच्या आत, हा आमच्या घरचा आता नियम आहे.

राहिलं गाव सोडणं. यावर भाऊ रागावतो, आणि त्याचं दुःख मला समजतं. पण आमच्या भागाचा इतिहास आलेल्या माणसांचा आहे. कालव्यांना पाणी आलं तेव्हा सासवडकडचे माळी बागाईतदार इकडे आले. जमीन त्यांची नव्हती, त्यांनी खंडानं घेतली. त्यांची ठेव होती ती उसाची, पाण्याची, खताची जाण, आणि ती जिथं जातील तिथं त्यांच्याबरोबर जात होती. 1930 च्या दशकात सासवडच्याच माळ्यांनी तिकडे अकलूजजवळ माळीनगरचा कारखाना उभा केला. आणि खुद्द बाबा? धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर आले, खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी त्यांना हाक मारली. ज्यांच्या वाड्यात आज समाधी आहे ते बुट्टी नागपूरचे, शिर्डीत दीक्षितवाडा बांधणारे दीक्षित मुंबईचे सॉलिसिटर. आपलं ठिकाण सोडून ही माणसं आली नसती तर आज शिर्डीत एका गुंठ्याला गिऱ्हाईक तरी असतं का?

म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगितलं. वय पंचविशीचं असताना पैसा शिकण्यात घालावा. शिकलेलं विकायला सातबारा लागत नाही, दहा जणांच्या सह्या लागत नाहीत, आणि देवळाचं दार बंद झालं तरी ते पुण्यात चालतं. जागा चाळिशीत घे, तीही बिनशेती आदेश आणि स्वतंत्र नोंद बघून. बिटकॉइन घेऊच नये असं मला वाटतं. तो मात्र थोडे घेणार आहे, फार नाही, महिन्याच्या पगाराइतके. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि मी ते ओढूनताणून करणारही नाही. पैसे त्याचे, उन्हाळ्यात रात्रपाळ्या करून जमवलेले.

भाऊ अजून राजी नाही. पण परवा त्यानंच विचारलं की पुण्यात खोलीचं भाडं काय पडतं. जूनमध्ये वर्ग सुरू होतात. भोसरीला तिघं मिळून एक खोली बघून आलेत, मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट रोख मागतोय, पावती देत नाही. मी भाच्याला सांगितलंय, पावती देणारा मालक सापडेपर्यंत खोली बघत राहा, तोवर माझ्या नणंदेकडे पिंपरीला उतर.