मध्यप्रांतातील कुरणे : वणवा, चराई आणि बारशिंगा

नागपुरात धंतोलीपासून जवळच असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ साली झालेल्या लढाईने भोसल्यांच्या राज्याचे भवितव्य ठरविले. १८५३ साली ते खालसा झाले आणि १८६१ साली नागपूर हे मध्यप्रांताचे मुख्य ठिकाण बनले. या घटनांचा राजकीय अर्थ पुष्कळ उलगडला गेला आहे. परंतु त्यांच्याबरोबर सातपुडा आणि मैकल पर्वतांतील गवताळ प्रदेशांवरील अधिकारही पालटला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. गवत केव्हा जाळावे आणि त्यावर कोणाची गुरे चरावीत, हा तोवर बहुतांशी गावच्या वहिवाटीचा प्रश्न होता. पुढे तो सरकारी नियमांचा झाला.

मध्यप्रांताच्या वनखात्याने वणवा हा आरंभापासूनच शत्रू मानला. कर्नल पिअर्सन यांच्या अमदानीत, १८६० नंतरच्या दशकात, बोरीच्या जंगलात वणवाबंदीचा जो प्रयोग झाला, तो हिंदुस्थानातील आद्य प्रयोगांपैकी एक होय. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलात विस्तव लावणे व विनापरवाना गुरे चारणे हे गुन्हे ठरले. बैगा लोकांची ‘बेवर’ शेती १८९० च्या सुमारास मंडला जिल्ह्यातील ‘बैगा चक’ या मर्यादित क्षेत्रापुरती उरली. या सर्व धोरणामागे इमारती लाकडाची चिंता होती. गवतावर जगणाऱ्या श्वापदांचा विचार त्यात जवळजवळ नव्हता.

तथापि गवताच्या दृष्टीने पाहता वणवा केवळ हानिकारक नसतो. जळालेल्या जमिनीवर कोवळे गवत लवकर फुटते आणि झुडपांचे आक्रमण थांबते. प्रश्न असतो तो ऋतूचा व पुनरावृत्तीचा. मध्य भारतातील बारशिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो. त्याची पाडसे पावसाळ्याच्या अखेरीस जन्मतात आणि आरंभी उंच गवताच्या आडोशाने वाचतात. थंडीतच कुरण जाळले तर हा आडोसा नाहीसा होतो. पावसाळ्यात गुरे चरली तर तो वाढतच नाही. चितळाला मात्र आखूड गवत मानवते, शिवाय तो झाडपाल्यावरही निर्वाह करतो. म्हणून एकाच वणव्याने एक प्राणी पोसला जातो आणि दुसरा उघडा पडतो.

कान्ह्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३३ साली अभयारण्य आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या वनात १९३८ च्या सुमारास सुमारे तीन हजार बारशिंगे असल्याचा अंदाज होता. १९७० साली केवळ ६६ उरले. संरक्षण असतानाही ऱ्हास झाला, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे लागते. १९६३ ते १९६५ या काळात तेथे अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांनी वाघाकडून होणारी शिकार, रोग व चोरटी शिकार यांकडे लक्ष वेधले. पुढे क्लॉद मार्तँ यांच्या अभ्यासाने उंच गवताच्या अभावाला महत्त्व दिले. ही कारणे परस्परविरोधी नाहीत. आडोसा हरपलेले पाडस हिंस्र पशूच्या तावडीत सहज सापडते.

१९७० नंतर जाळण्यावर नियंत्रण आले, गुरांची चराई थांबली आणि सोंफसारखी गावे उद्यानाबाहेर हलविण्यात आली. त्या जागी उंच गवत वाढले आणि बारशिंगा परतला. आज कान्ह्यात त्याची संख्या एक हजाराच्या आसपास आहे. मात्र या यशाची किंमत विस्थापित कुटुंबांनी मोजली, हे नमूद केल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही.

यावरून चराईबंदी हाच सर्वत्र उपाय होय, असा निष्कर्ष काढणे युक्त ठरणार नाही. अकोला व वाशीम भागात गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या तणमोरासाठी फासेपारधी समाजाच्या सहभागाने गवताची राने राखण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. तेथे स्थानिकांना दूर न सारता त्यांच्या ज्ञानाचाच आधार घेतला गेला.

कान्ह्यातील काही बारशिंगे गेल्या दशकात सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील बोरी येथे नेण्यात आले. ज्या वनात दीडशे वर्षांपूर्वी लाकडासाठी वणव्याशी झुंज सुरू झाली, तेथेच आता एका गवतजीवी प्राण्यासाठी कुरण राखावे लागत आहे. आग आणि गुरे यांचा निवाडा सरसकट मनाईने होत नाही. कोणते गवत, कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या संमतीने, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.