सैल झालेले पाते

कपाट आवरताना परवा एक जुना घडीचा चाकू हाती लागला. शिंगाची मूठ, आत पितळी पट्ट्या, पात्यावरची अक्षरे पुसलेली. उघडला तर पाते डावीउजवीकडे लटलटू लागले. आमलीच्या बाजारात नेला. (सिल्व्हासाला अजून आमली म्हणणाऱ्यांपैकी मी एक.) दुकानदार म्हणाले, ‘साहेब, चप्पूनुं मिजागरुं ढीलुं थई गयुं छे.’ घरी येऊन मी सांगितले, ‘चाकूची बिजागरी सैल झाली आहे.’ आणि सांगतानाच थबकलो. त्यांचे मिजागरुं आणि आमची बिजागरी हा एकच शब्द, आणि तो दोघांचाही नव्हे! पोर्तुगीज ‘बिसाग्रा’ची ही दोन रूपे. चावी आणि पगार यांच्याबरोबर आलेली. चाकू हा शब्द फारसीच्या वाटेने आला. पाते आणि खीळ मात्र संस्कृतातून उतरलेली. बोटभर वस्तूत एवढी सरमिसळ.

मिटणारे पाते फार जुने. रोमन काळातले असे चाकू युरोपात उत्खननात सापडले आहेत. पुढे इंग्लंडातील शेफील्ड गाव या कामासाठी नावाजले. पण आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही लहान चाकूचे एक मोठे काम होते ते लेखणी तासण्याचे. इंग्रजीत त्याला ‘पेन नाइफ’ म्हणतात, ते पिसाच्या लेखणीमुळे. जुन्या मराठीत ‘कलमतराश’ म्हणत, ते बोरूमुळे. बोरूचे टोक तिरके आणि एका घावात कापले गेले पाहिजे. पाते हलले की काप वाकडा जातो, बोरू फाटतो, अक्षर फुटते. म्हणून कारकुनाला धारेइतकीच पात्याच्या बैठकीचीही काळजी.

आमच्या मुलखाचे नशीब अशाच लेखण्यांनी लिहिले गेले. मराठ्यांच्या आरमाराने १७७२मध्ये ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. त्या भरपाईचा विषय १७७९च्या तहात आला आणि दरसाल बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५मध्ये सनदा निघाल्या. एकीकडे बोरू, दुसरीकडे पीस. तासणारा चाकू दोन्ही बैठकींवर असणारच.

मात्र तहाचा मजकूर एका भाषेतून दुसरीत जाताना त्याची खीळ सैल राहिली. गावे दिली म्हणजे मुलूख दिला की नुसता महसूल? २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा मुक्त झाले आणि पुढच्या वर्षी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढे आले. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने तह वैध धरला, पण मराठ्यांनी सार्वभौमत्व नव्हे, महसुलाचा हक्क दिला, असे म्हटले. सनदांत ‘सरंजाम’ होता. तो शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. (इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व मानले गेले, हेही न्यायालयाने नोंदले. आपल्या बाजूचे तेवढे सांगणे बरे नव्हे.)

असो. एकोणिसाव्या शतकात पोलादी निब आले, बोरूची जागा टाकाने घेतली आणि चाकू उरला पेन्सिलीपुरता. आमच्या पिढीने दप्तरात चाकू नेला. पुढे शार्पनर आले, आणि आता दप्तरात चाकू दिसला तर मुख्याध्यापक म्हणून मलाच तो काढून घ्यावा लागतो.

बाजारातले दुकानदार म्हणाले होते, ‘नवो लई लो, साहेब.’ मी ऐकले नाही. शेवटी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या लोहारबाबांकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, ‘बाजूला हलते की आपोआप मिटते?’ प्रश्न नेमका होता. मिटू पाहणारे पाते म्हणजे पाठीची कमान थकलेली, तो वेगळा आजार. बाजूला हलत असेल तर दोष खिळीचा. त्यांनी सांधा रॉकेलने धुतला. कधीकधी मळ निघाला की अर्धे काम होते, म्हणाले. मग पाते आणि पितळी पट्टी यांच्यात कागदाची चिंधी सरकवली, खिळीचे एक डोके ऐरणीवर टेकवले आणि दुसऱ्यावर गोल तोंडाच्या हातोडीने अगदी हलके ठोके दिले. ठोक्यांनी खिळीचे डोके पसरते आणि पट्ट्या आवळल्या जातात. दोनतीन ठोके झाले की पाते उघडून पाहायचे, मग पुन्हा ठोके. जोरात एकच घातला तर पाते अडकते, मूठही तडकते. शेवटी कागद ओढून काढला; त्याच्या जाडीएवढी फट राहिली, तीत तेलाचा थेंब. छिद्रच झिजून लांबट झाले असते तर जाड खीळ घालावी लागली असती, पण त्याची वेळ आली नाही. मी पैसे विचारले तर म्हणाले, ‘मास्तर, चहा पाजा.’

संध्याकाळी ओसरीवर बसून त्या चाकूने बारीक बांबूचा बोरू तासला. पहिला फाटला. त्यात दोष पात्याचा नव्हता, हात विसरला होता. दुसरा बरा साधला. दौतीत बुडवून कागदावर ‘आमली’ लिहिले. आठवीतल्या नातीने ते पाहिले, बोरू हातातून घेतला आणि खाली त्याच शाईने गुजरातीत लिहिले.