माजघरातली ग्रेस

वेंगुर्ल्याचं मिशन हॉस्पिटल आपल्याला ऐकून माहीत आहे. आपल्या आज्या बाळंतपणाला, डोळ्यांना तिथलंच नाव काढायच्या. ते चालवणारे डॉक्टर गोहीन अमेरिकेचे. इतक्या लांबून डॉक्टर, शिक्षिका इकडे का आल्या असतील, याचा माग काढताना आम्ही घाट चढून कोल्हापूरला पोचलो.

एक गोष्ट आधी सांगतो. मालवण, सावंतवाडीकडची बरीचशी ख्रिस्ती घरं कॅथलिक, गोव्याकडून आलेली, फार जुनी. ही मिशनवाली मंडळी प्रॉटेस्टंट. त्यांचा इतिहास वेगळा.

रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन पाद्री १८५२ साली कोल्हापुरात आले. ग्रेस आणि रॉबर्ट ही त्यांची मुलं. धाकट्या रॉबर्टचा जन्म १८६३ चा, कोल्हापुरातलाच. पुढे वडिलांची तब्येत ढासळली आणि कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टन गावी जाऊन राहिलं. तिथल्या मोठ्या कॉलेजात रॉबर्ट शिकला. ग्रेसला तिथे प्रवेश नव्हता, कारण ते कॉलेज फक्त मुलग्यांचं. ती माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजात गेली आणि १८८३ साली शिकून घरी आली.

त्याच वर्षी रॉबर्टने कॉलेजातल्या मित्रांचं एक मंडळ काढलं. शिक्षण संपल्यावर परदेशी मिशनच्या कामाला जायचं, असं ठरवणाऱ्या मुलांचं. बैठक वाइल्डरांच्या घरी भरायची. मुलगे बाहेरच्या खोलीत बोलत बसायचे आणि ग्रेस शेजारच्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करायची. आपल्याकडे बैठक ओटीवर आणि बायका माजघरात, तसंच की हे! रात्री मात्र दोघं भावंडं एकत्र प्रार्थनेला बसत. मागणं एकच: अमेरिकेतल्या कॉलेजांतून हजार जण या कामाला निघू देत.

१८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर भरलं. २५१ विद्यार्थी आले, सगळे पुरुष. ग्रेस घरीच राहिली. तिथे शंभर जण मिळतील, असं तिने भावाला निघतानाच सांगितलं होतं. हे रॉबर्टने पुढे स्वतःच सांगितलंय. शिबिर संपताना तयार झालेल्यांची संख्या बरोबर शंभर होती.

मग रॉबर्ट आणि लाहोरच्या पाद्र्यांचा मुलगा जॉन फोरमन, असे दोघे वर्षभर दीडशेहून जास्त कॉलेजं फिरले. दोन हजारांवर नावं आली, त्यांत सुमारे पाचशे मुलींची. या पाचशे मुली आम्हाला फार मोलाच्या वाटतात. त्या काळी लग्नाशिवाय, एकटीने समुद्र ओलांडायची तयारी लिहून देणं सोपं नव्हतं. १८८८ साली या सगळ्याची रीतसर संघटना झाली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यातून वीस हजारांवर माणसं जगभर गेली. भारतातही १९१२ साली विद्यार्थ्यांची स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट सुरू झाली.

त्यांची घोषणा होती की याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता पोचवायची. इकडच्या लोकांना तिच्यात आपल्या धर्माबद्दलचा कमीपणा ऐकू यायचा, आणि तो राग खोटा नव्हता. दवाखाना हवा, शाळा हवी, पण उपदेश नको, असं म्हणणारी घरं आपल्याकडेही होतीच. दोन्ही खरंच आहे.

रॉबर्टचं नाव पुस्तकांत आलं. १८९० नंतरच्या दशकात तो भारतात येऊन कॉलेजच्या मुलांमध्ये काम करू लागला. ग्रेस त्याच्याही आधी आली. १८८७ साली वडील वारले आणि ती आईला घेऊन कोल्हापूर भागात परतली, बायामुलींत काम करत राहिली. ती मराठी मुलखातच वाढलेली, तेव्हा इथली बोली काही तिला परकी नव्हती.

त्याच मिशनचं काम पुढे घाट उतरून वेंगुर्ल्याला पोचलं. तिथल्या डॉक्टर गोहीन यांच्या घरी १९१९ साली १५ ऑगस्टला रॉबर्ट नावाचा मुलगा जन्मला. मोठेपणी तो प्रिन्स्टनचा अध्यक्ष झाला, नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूतही. ज्या कॉलेजात ग्रेसला पाऊल टाकता आलं नाही, तिथे पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश सुरू झाला तो १९६९ साली, या वेंगुर्ल्यात जन्मलेल्या गोहीनांच्या कारकिर्दीत.