डफ, तुणतुणे आणि पोवाड्याचा मूळ सूर

गणेशोत्सवात पोवाडा ठरला की हल्ली पहिला प्रश्न असतो, 'की-बोर्ड कोण वाजवणार?' डफ-तुणतुण्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. गेल्या वर्षी आनंद नगरात आम्ही डफ आणला, तर पावसाळी हवेने त्याचे कातडे सैल पडले. शेगडीवर शेकेपर्यंत मुले कंटाळली आणि शेवटी की-बोर्डच लागला.

अफझलखानाच्या वधावर (१६५९) अज्ञानदासाने पोवाडा रचला. शाहिराच्या हाती डफ, मागे झीलकऱ्याकडे तुणतुणे, हाच पोवाड्याचा जुना थाट. तुणतुण्याला तार एकच. ती चाल वाजवत नाही, फक्त सूर धरून ठेवते. त्यामुळे शब्द मोकळा राहतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

या डफाची एक आख्यायिका आपल्या मध्य प्रदेशातली आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) महेश्वरला गेले असता अहिल्याबाईंनी त्यांना तमाशावरून बोल लावला. फंदींनी तिथेच डफ फोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, असे सांगतात.

अर्थात वाद्ये बदलतच आली. होनाजीने लावणीला ढोलकीऐवजी तबल्याची साथ घेतली. बदलाला माझी हरकत नाही. पण जुने वाद्य हातातून पार सुटले की काय होते, ते आयर्लंडमध्ये दिसते. १७९२ साली बेलफास्टला तिथल्या जुन्या हार्पवादकांना जमवले. धातूच्या तारा नखांनी छेडण्याची जुनी रीत त्यांच्यात एकट्या वृद्ध डेनिस हेम्पसनकडे उरली होती. एडवर्ड बंटिंगने चाली टिपल्या, पण १७९६ मध्ये छापल्या त्या पियानोसाठी. चाली वाचल्या, नाद गेला. पुढे संग्रहालयातले हार्प पाहून तो नव्याने घडवावा लागला.

आपल्याकडे अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले. शब्द सुरक्षित झाले, पण डफाची थाप कागदावर उतरत नाही. ती हातातून हातातच जाते. सुदैवाने आपला डफ अजून काचेआड गेलेला नाही.

म्हणून यंदा एवढेच सुचवतो: एक तरी पोवाडा नुसत्या डफ-तुणतुण्यावर होऊ द्या. तुणतुणे घरच्याच एखाद्या मुलाच्या हाती द्या. आणि शेगडी आधीच पेटवून ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!