नाव शेवटी वाचावे : जपानी तलवारींच्या कर्तृत्वनिश्चितीविषयी

जपानी तलवारींच्या अभ्यासकांत एक परीक्षा फार दिवसांपासून रूढ आहे. काही पाती ओळीने मांडलेली असतात. पात्याचा जो भाग मुठीच्या आत दडतो, त्याला 'नाकागो' म्हणतात. तो भाग कापडाने झाकलेला असतो, कारण कारागिराने आपले नाव कोरलेले असते ते नेमके तेथेच. परीक्षार्थीने पाते उजेडात तिरपे धरून न्याहाळायचे आणि कारागिराचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे. नाव बरोबर असल्यास 'आतारी', म्हणजे 'अचूक', असा शेरा मिळतो. त्याच परंपरेतला निकटचा दुसरा कारागीर लिहिला असेल तर 'दोझेन', म्हणजे 'जवळजवळ तेच'.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे आय. ए. रिचर्ड्स आठवतील. कवींची नावे काढून टाकून त्यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात मांडले. पण तेथे कविता कोणाची हे प्रयोग करणाऱ्याला ठाऊक होते. तलवारीच्या बाबतीत कापड दूर केल्यावर जे नाव दिसते, तेही खरे असेलच असे नाही. या लेखात आम्हाला विचार करायचा आहे तो या अडचणीचा.

प्रथम पाते वाचतात कसे, ते पाहू. सुरुवात आकारापासून होते. हेइआन आणि कामाकुरा काळातील 'ताची' ही लांब, बाकदार तलवार कमरेला धार खाली करून लटकवत. पुढे मुरोमाची काळात धार वर करून कमरपट्ट्यात खोचायची 'कताना' रूढ झाली. नाव सामान्यतः परिधान केल्यावर बाहेरच्या अंगाला येईल असे कोरलेले असल्यामुळे, ते कोणत्या बाजूला आहे यावरूनच पाते कोणत्या रीतीने वापरण्यासाठी घडवले होते याचा अंदाज येतो.

आकारानंतर पोलाद. पुन्हा पुन्हा दुमडून ठोकलेल्या पोलादावर लाकडाच्या शिरांसारखी वीण उमटते. त्यानंतर पाहायची ती पाणी दिल्याची रेषा, 'हामोन'. पाते तापवण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. पाण्यात बुडवताच धार झपाट्याने थंड होऊन कठीण बनते, पाठ तुलनेने मऊ राहते आणि दोहोंच्या सीमेवर ही रेषा उमटते. कोठे ती सरळ असते. बिझेन प्रांतातील इचिमोंजी कारागिरांच्या कामात ती लवंगेच्या कळ्यांच्या झुबक्यांसारखी दिसते आणि तिला नावही लवंगेचेच आहे, 'चोजी'. सोशू परंपरेत रेषेवर सुटे चमकदार कण दिसतात, तर बिझेनमध्ये कण वेगळे न दिसता धुक्याचा पट्टा भासतो. सर्वांत शेवटी नाकागो : गंजाचा रंग, कानशीच्या रेघांचा कल, मुठीच्या खिळीचे भोक, छिन्नीचा घाव आणि मग ते कोरलेले नाव.

नाव इतक्या उशिरा वाचण्याची कारणे इतिहासात आहेत. बिझेनमधील ओसाफुने गावच्या तलवारींवर 'सुकेसादा' हे नाव शेकडो वेळा आढळते, कारण या एका नावाने काम करणारे कारागीर डझनावारी होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युद्धांच्या धामधुमीत मागणी प्रचंड वाढली. घाऊक पुरवठ्याच्या पात्यांवर बहुधा नुसते 'सुकेसादा' असे, तर विशेष मागणीवरून घडवलेल्या पात्यावर कारागिराचे व्यक्तिनामही असे. 'नामा' ही मुद्रा पाहून अभंग नामदेवांचा की विष्णुदास नाम्याचा, हा प्रश्न ज्यांनी सोडवू पाहिला आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय शिष्याने घडवावे आणि गुरूच्या संमतीने गुरूचे नाव कोरावे, ही प्रथा सर्वमान्य होती. त्यात फसवणूक नव्हती. कर्तृत्वाची कल्पनाच आपल्याहून निराळी होती.

फसवणूकही अर्थात होतीच. सतराव्या शतकातील एदोचा कारागीर नागासोने कोतेत्सु याच्या नावाने इतकी बनावट पाती निघाली, की 'कोतेत्सु दिसला की तो नकली समजावा' अशी म्हणच जपानी भाषेत पडली. इसे प्रांतातील मुरामासाची तलवार तोकुगावा घराण्याला अशुभ, असा समज पसरल्यावर काहींच्या नावातील अक्षरे खोडली वा बदलली गेली. एकीकडे कीर्तीसाठी नाव घातले गेले, दुसरीकडे भयापोटी काढले गेले.

तिसरी अडचण अधिक साधी आहे. लढण्याची रीत बदलली तशा जुन्या लांब ताची मुठीकडून कापून आखूड करण्यात आल्या. या कापणीत अनेक नावे कायमची गेली. एखाद्या जाणत्या मालकाने नावाचा तुकडा दुमडून वा पात्यात बसवून जपला, पण असे क्वचितच. अनामिक झालेल्या या पात्यांना नाव देण्याचे काम होनामी घराण्याकडे आले. हे घराणे शिकलगारांचे आणि पारख्यांचे. कलावंत होनामी कोएत्सु (१५५८–१६३७) याच घराण्यातला. तोयोतोमी हिदेयोशी आणि नंतर तोकुगावा यांच्या आश्रयाने होनामींचा शब्द प्रमाण ठरला. त्यांचा निर्णय दुमडलेल्या कागदावर लिहून मिळे. त्या कागदास 'ओरिगामी' म्हणत, आणि 'ओरिगामी जोडलेले' हा जपानी वाक्प्रचार खात्रीलायक वस्तूविषयी आजही वापरला जातो.

काही वेळा हा निर्णय पात्यावरच सोन्याने जडवला जाई. फुकुओका शहर संग्रहालयातील 'हेशिकिरी हासेबे' या तलवारीच्या नाकागोवर एका बाजूस चौदाव्या शतकातील कारागीर हासेबे कुनिशिगे याचे नाव आणि होनामींची सही आहे. दुसऱ्या बाजूस मालक कुरोदा याचे नाव. कारागिराने स्वतः कोरलेले अक्षर मात्र तेथे एकही नाही. आपण जे वाचतो ते दोन-अडीच शतकांनंतरच्या एका वाचकाचे मत आहे.

हे मत किती स्वीकारावे? तलवारी बक्षीस म्हणून दिल्या जात आणि ओरिगामीवर सुवर्णमुद्रांत मोल लिहिले जाई, तेव्हा मोठे नाव सर्वांच्याच सोयीचे होते. या शंकेला १८९६ साली इमामुरा चोगा याने वाचा फोडली. सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या मासामुनेची कीर्ती हिदेयोशीच्या काळात रचली गेली, असे त्याने 'योमिउरी' वृत्तपत्रातून मांडले. त्याच्या हाती मोठा पुरावा होता : मासामुनेची निर्विवाद नावानिशी असलेली पाती बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पण उत्तरही कागदातूनच मिळाले. क्योतोच्या तोजी मंदिरातील कान्चीइन संग्रहात कारागिरांच्या नावांची एक यादी जपली गेली होती. ती १४२३ सालची नक्कल आहे आणि तिचा मूळ मजकूर १३१६ च्या सुमाराचा मानला जातो. तीत मासामुनेचे नाव आहे. होनामींच्या पूर्वीही हा कारागीर ज्ञात होता, एवढे त्यावरून सिद्ध होते. त्याच्या नावे असलेले प्रत्येक पाते त्याचेच आहे, हे सिद्ध होत नाही.

नाव आणि वस्तू यांची ताटातूट आपल्या काळाजवळही झाली. १९४५ च्या पराभवानंतर तलवारी जमा करण्याचा आदेश निघाला. तोकुगावा घराण्यातील 'होंजो मासामुने' त्या डिसेंबरात मेजिरोच्या पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पुढे नाहीशी झाली. तिचे नाव आहे, वर्णन आहे, वंशावळ आहे, पाते नाही. उलट आकाबाने येथील लष्करी कोठारात गोळा झालेल्या ढिगातून निवडून काढलेली पाच हजारांहून अधिक पाती वाचली, पण बहुतेकांचे मालक ओळखता आले नाहीत. अखेर १९९९ मध्ये त्यांतील बहुतांश पाती देशभरच्या संग्रहालयांना वाटण्यात आली.

हजारो तलवारी सैनिकांच्या सामानातून परदेशीही गेल्या. तेथे त्यांचे सर्वांत मोठे नुकसान केले ते चांगल्या हेतूने. नाव स्पष्ट दिसावे म्हणून नाकागोवरचा गंज घासून काढला गेला. शतकांचा तो काळसर थर हाच वयाचा साक्षीदार होता, आणि कोरीव रेघांच्या तळाशी तो कसा मुरला आहे यावरूनच नाव जुने की मागाहून घातलेले हे ठरत असे. नावाच्या ओढीने नावाचाच पुरावा पुसला गेला.

जाणकारांच्या परिभाषेत एक लहानसे अक्षर आहे, 'देन'. पात्याला एखाद्या कारागिराचे नाव द्यावेसे वाटते, पण पूर्ण खात्री नसते, तेव्हा ते नावाआधी लिहितात. त्याचा अर्थ 'परंपरेने असे मानले जाते'. आपल्या वाङ्मयेतिहासांत किती नावांआधी हे अक्षर लिहावे लागेल, याचा विचार आम्ही हा लेख लिहीत असताना वारंवार करत होतो. ते लिहिल्याने कोणतीही रचना उणी होणार नाही. फक्त नावाकडे वळण्यापूर्वी ती आपल्याला पुन्हा एकदा नीट वाचावी लागेल.